उचलणे एक, इंग्रजी शब्द चार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. इंदापूर तालुक्यातला एक मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागला होता. आय.टी.आय. झालेला, कामाला वाघ, पण इंग्रजी ऐकले की दबणारा. तिथले सुपरवायझर दक्षिणेकडचे. मराठी त्यांना येत नव्हते आणि हिंदीही जेमतेम. एक जड यंत्र जागेवर बसवायचे काम चालले होते. एका बाजूला जमीन सखल होती, म्हणून यंत्राची ती बाजू पहारीने जराशी वर करून खाली पातळ पट्टी सरकवायची होती. सुपरवायझर म्हणाले, "रेझ इट अ लिटल. डोंट लिफ्ट इट."

मुलगा गोंधळला. त्याच्या कानाने ऐकले ते असे : जरा उचल, उचलू नकोस. आता यातले करायचे काय? विचारायची लाज वाटली. त्याने पहार बाजूला ठेवली आणि यंत्राखाली हात घातला. दुसऱ्या टोकाच्या माणसाने त्याच वेळी आपली पहार सोडली. बोट वाचले, पण नख गेले, दोन टाके पडले आणि बारा दिवसांचे खाडे झाले.

आमच्या सायंकाळच्या अभ्यासवर्गात तो हाताला पट्टी बांधून आला तेव्हा म्हणाला, "सर, दोन्ही शब्द मला पाठ होते. डिक्शनरीत दोन्हीपुढे 'उचलणे' असंच लिहिलंय."

त्याचे म्हणणे खरे आहे. शब्द पाठ होते, फरक पाठ नव्हता. आणि हा दोष एकट्या त्याचा नाही. आपल्या मराठीत 'उचलणे' हे एक क्रियापद इतकी कामे करते की इंग्रजीत गेल्यावर त्याची चार घरे होतात : लिफ्ट, रेझ, राइझ आणि पिक अप. कोणत्या वेळी कोणाचे दार वाजवायचे, एवढेच आज पाहू. पोरांनी वही घेऊन बसावे, आणि ज्या आया-बहिणींनी शाळा अर्ध्यावर सोडली त्यांनीही बसावे. यात अवघड काही नाही.

पहिला शब्द लिफ्ट. हा शब्द इंग्रजांनी फार पूर्वी उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून घेतला, आणि त्याच्या मुळाशी 'हवा' या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे लिफ्ट करणे याचा मूळ भाव वस्तू हवेत नेणे. हीच खूण लक्षात ठेवावी : वस्तू जागेवरून सुटली, तिच्याखाली हवा आली आणि तिचा भार आपल्या हातावर, डोक्यावर किंवा क्रेनवर आला, तर लिफ्ट. एस.टी.त बॅग वरच्या फळीवर ठेवायची असेल तर "प्लीज हेल्प मी लिफ्ट धिस बॅग." गव्हाचे पोते उचलायचे असेल तर "लिफ्ट द सॅक." ऊसतोडणीची बाई मोळी डोक्यावर घेते तीही लिफ्टच करते.

गावाकडे मोटारसायकलवाल्याला हात करून आपण 'लिफ्ट' मागतो, तोही हाच शब्द. जमिनीवर चालणाऱ्याला उचलून आपल्या गाडीवर घेणे. उंच इमारतीत वर-खाली जाणाऱ्या पाळण्याला इंग्लंडात आणि आपल्याकडे लिफ्ट म्हणतात, अमेरिकेत मात्र एलेव्हेटर. आणि शेतकऱ्यांना तर हा शब्द घरचाच आहे. जनाई-शिरसाई किंवा लाकडी-निंबोडी या योजनांना मराठीत 'उपसा सिंचन' म्हणतात, इंग्रजीत 'लिफ्ट इरिगेशन'. गंमत पाहा, आपण पाणी खालून उपसतो असे म्हणतो, इंग्रज ते वर उचलतो असे म्हणतो. मोटर एकच, पाणी एकच. कोण कुठे उभा राहून पाहतो एवढाच फरक.

अंगावरचे ओझे दूर होते तेव्हाही लिफ्ट येते. बंदी उठवली, "द बॅन वॉज लिफ्टेड." संचारबंदी उठवली, "द कर्फ्यू वॉज लिफ्टेड." लोकांच्या डोक्यावर काहीतरी होते, ते उचलून बाजूला केले, असा भाव.

दुसरा शब्द रेझ. यात वस्तू जागा सोडेलच असे नाही. ती वर जाते, तिची पातळी वाढते, एवढे पुरे. तिचे एक टोक कुठेतरी टेकलेले असू शकते. आता त्या यंत्राकडे पुन्हा पाहा. सुपरवायझरला ती बाजू बोटभर वर हवी होती, पण यंत्र जमिनीवरून सुटायला नको होते. म्हणून रेझ, लिफ्ट नव्हे. त्या माणसाने शब्द अगदी नेमके वापरले होते. पण नेमका शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही तर त्याचा उपयोग काय? सांगणाऱ्याने हाताने करून दाखवायला हवे होते, आणि ऐकणाऱ्याने विचारायला हवे होते. विचारायला दोनच शब्द लागतात : "शो मी." म्हणजे दाखवा. हे दोन शब्द कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने खिशात ठेवावेत. त्यांना लाज वाटण्यासारखे काही नाही, बोट मात्र शाबूत राहते.

हात वर करणे हेसुद्धा रेझ. कारण हात खांद्याला जोडलेलाच असतो. वर्गात बाई म्हणतात, "रेझ युवर हँड." आमच्या ओळखीच्या एका घरातली धाकटी मुलगी पहिलीत नव्यानेच इंग्रजी शाळेत गेली. घरी थोरल्या भावाने तिला अर्थ सांगितला, रेझ म्हणजे उचलणे. दुसऱ्या दिवशी ती बाईंसमोर रडायलाच लागली. आपल्या घरांत 'हात उचलला' म्हणजे काय, हे पोरांना लहानपणीच कळते! तिला वाटले बाई मारायला सांगताहेत. म्हणून मुलांना शिकवताना नुसता शब्दाला शब्द देऊ नये. हात वर करून दाखवावा.

रेझ हा शब्द हाताला दिसणाऱ्या वस्तूंपुरता नाही. ग्रामसभेत प्रश्न मांडायचा असेल तर "आय वाँट टु रेझ अ क्वेश्चन." अन्यायाविरुद्ध आवाज उठवणे हेही रेझ. निधी उभा करणे, रेझ फंड्स. आमच्यासारख्या कारकुनांच्या तोंडी दिवसभर असते, "बिल रेझ केलं का?" म्हणजे बिल तयार करून पाठवले का. आणि मुले लहानाची मोठी करणे, तेही रेझच. एखाद्या बाईने नवऱ्यामागे धुणीभांडी करून तीन लेकरे वाढवली, तर इंग्रजीत म्हणतात, "शी रेझ्ड थ्री चिल्ड्रन." ती वाक्ये वहीत लिहिताना आमच्या वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, म्हंजे हे इंग्रजी मी कवापासूनच करतेय की." आम्ही म्हणालो, "करता आहातच. आता म्हणायला शिका."

तिसरा शब्द राइझ. इथे चांगले शिकलेलेही घसरतात, आणि आम्हीही घसरलो आहोत. बी.कॉम. होऊन नुकतेच नोकरीला लागलो होतो. साहेबांनी इंग्रजीत एक पत्र लिहायला सांगितले. दर वाढले आहेत, हे कळवायचे होते. आम्ही ऐटीत लिहिले, "द रेट्स हॅव रेझ्ड." साहेबांनी लाल शाईने भोवती गोल काढला आणि पत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचले. पदवीच्या भेंडोळ्यासकट जमिनीत जावेसे वाटले. चूक काय, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. ते आम्हाला पुढे दोन वर्षांनी एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडले. तुम्हाला दोन वर्षे घालवायला नकोत.

मराठीत आपण 'मूल उठते' म्हणतो आणि 'आई मुलाला उठवते' म्हणतो. बसणे आणि बसवणे, चढणे आणि चढवणे. पहिल्यात काम आपोआप होते, दुसऱ्यात ते कोणीतरी करवते. इंग्रजीत अशा जोड्या थोड्या आहेत, पण आहेत, आणि राइझ-रेझ ही त्यांतली एक. राइझ म्हणजे उठणे, रेझ म्हणजे उठवणे. सूर्य उगवतो, "द सन राइझेस." त्याला कोणी उचलत नाही. नीरेचे पाणी चढले, "द वॉटर रोझ." दर वाढले, "द रेट्स हॅव रिझन." पण व्यापाऱ्याने दर वाढवले असतील तर "द ट्रेडर रेझ्ड द रेट्स."

रूपे पाठ करून टाकावीत. राइझ, रोझ, रिझन. रेझ, रेझ्ड, रेझ्ड. लिफ्ट, लिफ्टेड, लिफ्टेड. आणि एक सोपी कसोटी : वाक्यात 'कोणी?' आणि 'काय?' या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळत असेल तर रेझ. 'काय?' विचारल्यावर पुढे काहीच नसेल तर राइझ. "माय सॅलरी हॅज नॉट रिझन फॉर टू इयर्स," माझा पगार दोन वर्षांत वाढलेला नाही. "प्लीज रेझ माय सॅलरी," कृपया माझा पगार वाढवा. पगार आपोआप वाढत नाही हे आपण सगळे जाणतो, पण व्याकरणाला दोन्ही चालते.

चौथा शब्द पिक अप. पडलेली, ठेवलेली किंवा वाट पाहत असलेली गोष्ट हाताने घेणे. खाली पडलेला रुमाल, "पिक अप द हँकी." फोन उचलणे, "पिक अप द फोन." आपल्याकडे पुष्कळ लोक फोनलाही लिफ्ट म्हणतात. समजते, पण पिक अप हे सरळ. मुलाला शाळेतून आणणे, तेही पिक अप. बाजारात माल वाहणाऱ्या छोट्या गाडीला आपण पिकअप म्हणतो, ती याच घरातली. पोलिसांनी एखाद्याला उचलले, त्यालाही इंग्रजी वर्तमानपत्रे "पिक्ड अप" लिहितात.

इथे एक नियम सांभाळावा. वस्तूचे नाव असेल तर "पिक अप द बॅग" चालते आणि "पिक द बॅग अप" हेही चालते. पण नावाऐवजी 'ते, तिला, त्याला' असे सर्वनाम आले की ते मध्येच बसते. "पिक इट अप." "पिक हिम अप." "पिक अप इट" असे कधीही म्हणू नये.

आता इशारा. मराठीत उचलणे आहे म्हणून इंग्रजीत या चौघांपैकी कोणीतरी येईलच, असे नाही. पाऊल उचलणे, "टेक अ स्टेप." जबाबदारी उचलणे, "टेक रिस्पॉन्सिबिलिटी." लग्नाचा खर्च उचलणे, "बेअर द एक्स्पेन्स." आणि विडा उचलणे याला तर जुळा शब्दच नाही, कारण इंग्रजाच्या दरबारात विडा ठेवत नव्हते. तिथे नुसते म्हणावे, मी हे काम अंगावर घेतले.

चोरणे या अर्थी मात्र दोन्ही भाषा एका वाटेने गेल्या. आपण उचलेगिरी म्हणतो, ते दुकानातून वस्तू लांबवण्याला शॉपलिफ्टिंग म्हणतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा नाव 'लिफ्टर' ठेवले नाही, 'द ब्रँडेड' ठेवले, म्हणजे डाग दिलेले. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता आणि तो कायदा १९५२ साली गेला. मराठी नावात लोकांनी ठेवलेली हाक आहे, इंग्रजी नावात ती हाक मारणाऱ्यांची करणी आहे. भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द नव्हे, हे यावरून कळावे.

लिफ्ट हा शब्द कायद्यातही आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३४ होते. इजा होण्याचा संभव असेल इतके जड ओझे कोणा कामगाराला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये, असे त्यात म्हटले होते. इंग्रजीत तीन क्रियापदे ओळीने होती : लिफ्ट, कॅरी, मूव्ह. कलम २९ मध्ये भार उचलणाऱ्या यंत्रांविषयी, साखळ्यांविषयी आणि दोरखंडांविषयी सांगितले होते. किती भार सुरक्षित, तो आकडा यंत्रावर ठळक लिहावा आणि त्यापुढे जाऊ नये, असे त्यात होते. क्रेनवर 'एस.डब्ल्यू.एल.' अशी अक्षरे आणि पुढे टनांचा आकडा रंगवलेला दिसतो तो हाच, सेफ वर्किंग लोड. पुढे २०२० ची व्यावसायिक सुरक्षेची संहिता आली आणि जुना कायदा तिच्यात सामावला. पण क्रेनवरचा आकडा वाचायचा असतो, ही गोष्ट बदललेली नाही. ओझे झेपणार नसेल तर तोंडाने सांगावे, "इट इज टू हेवी. आय नीड हेल्प." फार जड आहे, मला मदत लागेल. माणूस पाठीने अधू झाल्यावर हे वाक्य शिकून उपयोग नाही.

शेवटी ज्या शब्दावाचून आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही तो शब्द, 'उचल'. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत एवढ्या कारखान्यांची धुराडी. हंगाम जवळ आला की दोन ठिकाणी उचलीची चर्चा सुरू होते. शेतकरी विचारतो, पहिली उचल किती? ती त्याने घातलेल्या उसाच्या पैशांतला पहिला हप्ता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची मुदत घातलेली आहे. म्हणजे ही उचल त्याचे येणे. तिकडे बीडकडचा तोडणी कामगार मुकादमाला विचारतो, उचल किती देता? ती मात्र नवरा-बायकोच्या एका कोयत्याने अजून न केलेल्या कामावर घेतलेली आगाऊ रक्कम. ती त्याचे देणे. एकच शब्द. एकाच्या वहीत जमेला, दुसऱ्याच्या वहीत नावे.

इंग्रजी कागदावर या दोघांपैकी कुठेही लिफ्ट लिहिलेले नसते. शेतकऱ्याच्या कागदावर 'फर्स्ट इन्स्टॉलमेंट' असते, तोडणी कामगाराच्या कागदावर 'ॲडव्हान्स'. हा ॲडव्हान्स शब्द नीट ओळखून ठेवा. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा १९७६ चा कायदा उघडला तर त्यात व्याख्या केलेला पहिलाच शब्द 'ॲडव्हान्स' आहे : एकाने दुसऱ्याला रोख किंवा वस्तूच्या रूपाने दिलेली आगाऊ रक्कम. आगाऊ पैसे घेतले म्हणजे वेठबिगारी झाली, असे नव्हे. आम्हीही पगारावर ॲडव्हान्स घेतला आहे. पण त्या पैशांपायी माणसाला दुसरीकडे जायची, मिळेल तिथे काम करायची किंवा आपला माल विकायची मोकळीक उरत नसेल, तर तो कायदा तिथे लागू होतो. म्हणून कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी हा शब्द शोधावा, त्यापुढचा आकडा वाचावा आणि विचारावे, "हाउ मच? टिल व्हेन?" किती, आणि कधीपर्यंत?

आता घरचा अभ्यास. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांनी दहा वाक्ये करावीत. पाण्याचा हंडा उचलला, हात वर केला, भाव वाढले, मालकाने भाडे वाढवले, फोन उचलला, तो उचल, पुतण्याचा शिक्षणाचा खर्च उचलला, आईने आम्हाला वाढवले, बंदी उठवली, नदी चढली. प्रत्येक वेळी आधी विचारा : खाली हवा आली का, कोणी करवले का, की हाताने घेतले? उत्तर मिळाले की शब्द आपोआप मिळेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे आणि पोरांनी लिहावे.

तो मुलगा आता बरा आहे आणि त्याच कारखान्यात आहे. परवा सांगत होता, "सर, मी हल्ली शो मी म्हणतो. पहिल्यांदा सगळे हसले. आता नवीन आलेली पोरंही तसंच म्हणतात."

पुढच्या आठवड्यात 'ठेवणे' घेऊ. पुट, कीप आणि प्लेस. तेही एकाच घरात राहत नाहीत.